घत्तासनं कॉफी पिऊन टाकली

पॅलेस्टाइनमधल्या आमच्या बेत जाला गावात घत्तासच्या औषधांच्या दुकानात दोन प्रकारची गिऱ्हाइकं येत. रामेझचा बाप म्हणून गाव त्याला अबू रामेझ म्हणे. एक, ज्यांना औषध हवं असे, आणि दुसरी, ज्यांना झोप येत नसे. दुसरी मंडळी स्टुलावर टेकत आणि विचारत, "अबू रामेझ, काय वाटतं तुम्हाला सध्याच्या परिस्थितीबद्दल?" घत्तास चष्मा कपाळावर चढवून सांगायला लागे, एका बाजूनं पाहिलं तर असं आहे, पण दुसऱ्या बाजूनं पाहिलं तर तसं आहे. तिसऱ्या बाजूला पोहोचेपर्यंत गिऱ्हाईक घोरायला लागलेलं असे. हा विनोद गावात त्याच्या माघारी चाले असं नाही. तोंडावरच चाले, आणि पहिल्यांदा तो त्यानं स्वतःच केला होता.

लोक त्याचं ऐकत नाहीत, हे त्याला मान्य होतं. आपलं बोलणं खोकल्याच्या औषधासारखं आहे, कुणाला अपाय नाही आणि कुणाला गुणही नाही, असं तो म्हणे. एकदा टीव्हीवाल्यांनी शांततेवर बोलायला बोलावलं होतं. अर्धा तास तो बोलला. रात्री सगळं घर पडद्यासमोर बसलं, तर त्यांनी तो चष्मा पुसत असतानाचं तेवढं दाखवलं आणि वर आवाज दुसऱ्याच कुणाचा तरी. तो दुसरा ओरडत होता, त्यामुळे त्याचं म्हणणं सगळ्यांना नीट कळलं. चष्मा मात्र स्वच्छ दिसत होता, असं त्याची बायको नुहा म्हणाली.

गावाच्या वरच्या अंगाला टेकडीवर एक हॉटेल आहे. तिथे आम्हालाही जाता येतं आणि भिंतीपलीकडच्या इस्रायलींनाही, म्हणून दर गुरुवारी दुपारी तिथे मंडळ भरे. एका डच बाईनं ते काढलं, तेव्हा दालन खुर्च्यांनी भरून जाई. पुढे बाई मायदेशी गेल्या, त्यांच्या जागी दर दोन वर्षांनी एक नवी बाई येऊ लागली आणि खुर्च्या कमी होत एका टेबलाभोवती मावायला लागल्या. मंडळाचं नाव होतं 'ऐकूया'. सगळेच ऐकायला आलेले असल्यामुळे बोलायचं कुणी, हा प्रश्न कायम राही. गावात त्याला केक मंडळ म्हणत, कारण तिथला केक खरोखरच चांगला होता. 'तिथे जातोस कशाला?' असं कुणी विचारलं की घत्तासचं उत्तर ठरलेलं होतं, "केक चांगला असतो." विचारणारा हसे, हाही हसे आणि विषय मिटे.

तिथे बोलणं चाले ते इंग्रजीत. इंग्रजीत दोन्हीकडच्यांपैकी कुणालाच धड रागावता येत नसे, त्यामुळे बैठका फार सुरेख होत. 'तुझं दुःख माझ्यापर्यंत पोहोचतंय' हे वाक्य इंग्रजीत सहज म्हणता येई. घत्तासनं एकदा ते घरी आरशासमोर अरबीत म्हणून पाहिलं, तर त्याचं त्यालाच हसू फुटलं. बैठकीची रीत ठरलेली होती. आधी कॉफी, मग केक, मग कुणीतरी आपलं दुःख सांगायचं, मग पुन्हा कॉफी. कुणाकडे काही मागायचं मात्र नाही, मागणं अगदीच अडाणीपणाचं समजलं जाई. भिंतीतलं फाटक कधी उघडणार, तुमच्या सरकारची भिंत माझ्या झाडांच्या अलीकडून का गेली, असलं पाहुण्यांना काय विचारायचं? भिंत त्या बिचाऱ्यांनी थोडीच बांधली होती.

पाहुण्यांत एल्हानान हा घत्तासचा खरा मित्र. इस्रायलमधल्या रेहोवोतचा निवृत्त दंतवैद्य, धिप्पाड, देवभोळा आणि भित्रा. काही वर्षांपूर्वी ऑलिव्ह उतरवायच्या दिवसांत भिंतीपलीकडच्या जमिनीचं फाटक तिथला इस्रायली शिपाई उघडीना, तेव्हा घत्तासनं वैतागून त्याला फोन केला होता. हा गाडी काढून आला. सकाळपासून उन्हात घत्तासशेजारी उभा राहिला, त्या शिपायाशी आधी अदबीनं बोलला, मग त्याच्या आजोबांच्या वयाचा हक्क सांगून बोलला, आणि शेवटी अशा काही शिव्या दिल्या की घत्तासला हिब्रू येत नव्हतं त्याचंच वाईट वाटलं. फाटक उघडलं. मग दुपारभर एल्हानान शिडीवर चढून ऑलिव्ह पाडत बसला आणि शेवटच्या झाडावरून पाठीवर आपटला.

घरी त्यानं सांगितलं, न्हाणीघरात पाय घसरला. तेव्हापासून तो दर गुरुवारी जेरुसलेमला 'पाठीच्या व्यायामाला' जातो असं घरी सांगून या हॉटेलात येई.

"अजून व्यायामच चाललाय का रे?" मुलाच्या लग्नाची मागणी घालायच्या आधीच्या गुरुवारी घत्तासनं त्याला विचारलं.

"चाललाय ना. बायको म्हणते, डॉक्टर बदला, इतकी वर्षं कुणी पाठ दुखवून घेतं का. आणि प्रार्थनाघरात दर शनिवारी आजारी माणसांसाठी प्रार्थना होते, तिथे मोठ्यानं माझं नाव घेतात. चांगली ठणठणीत माणसं डोळे मिटून माझ्या पाठीसाठी देवाला साकडं घालतात. मी शेजारी बसून आमेन म्हणतो."

"एकदा खरं सांगून टाक की."

"आणि जावई? त्याला कळलं मी इथे येतो, तर तो नातवंडांना माझ्याकडे पाठवायचा नाही. आधीच मी तोंड उघडलं की लेक टीव्हीचा आवाज वाढवते." एल्हानाननं केकचा तुकडा मोडला. "तू तरी तुझ्या लोकांना काय सांगतोस?"

"मी सांगतो, केक चांगला असतो."

दोघं पोट धरून हसले. कॉफी आली, ती त्यांनी पिऊन टाकली.

आता त्या मागणीचं सांगायला हवं. रामेझ हा घत्तासचा एकुलता एक मुलगा, पस्तिशीला आलेला, बापासारखाच सगळ्या बाजू पाहत बसणारा, त्यामुळे लग्न राहून गेलेला. शेवटी शाळेत गणित शिकवणाऱ्या लमीसनं स्वतःच त्याला विचारलं आणि दोन्ही घरांतल्या बायकांनी बाकीचं जुळवून आणलं. अडचण एकच होती. लमीसचे वडील, अबू नख्ले. दगड कापायच्या कारखान्याचे मालक, तरुणपणी आठ वर्षं इस्रायली तुरुंगात काढलेले, आणि ज्यांचं एक वाक्य गावात चार दिवस फिरतं असे. त्यांचा थोरला, नख्ले, चिलीत होता. आमचं निम्मं गाव चिलीत आहे. इथे प्रेम फसलं किंवा लष्कराच्या तपासणी नाक्यावर एखाद्या दिवशी फार वेळ ताटकळावं लागलं, की माणूस चिलीला जातो. सोयरीक फिसकटली तर लमीस भावाकडे निघून जाणार होती, आणि ती गेली की रामेझ इथे काय करणार? तोही जाईल कुठेतरी. मग या घरात आपण दोघं आणि खोकल्याच्या बाटल्या, एवढंच उरेल, असं घत्तासला वाटे.

"उद्या तिथे तुम्ही तोंड उघडायचं नाही," शनिवारी त्याच्या कोटाला इस्त्री करता करता नुहानं बजावलं.

"मुलाचा बाप मी आहे."

"म्हणून तर. काय बोलायचं ते तुमचे थोरले मित्रीभाऊ बोलतील. तुम्ही बसा, मान डोलवा, आणि एका बाजूनं-दुसऱ्या बाजूनं सुरू केलंत ना, तर मी स्वयंपाकघरातून बाहेर येईन. सगळ्यांसमोर."

"एका बाजूनं पाहिलं तर तुझं बरोबर आहे," घत्तास म्हणाला आणि तिनं इस्त्री उचलल्यावर पटकन खोलीबाहेर गेला.

मागणी घालायची आमची रीत साधी आहे. मुलाकडचे वडीलधारे मुलीच्या घरी जातात. त्यांच्यापुढे छोट्या पेल्यांतून कडू कॉफी येते. ती घ्यायची, समोर ठेवायची आणि तिला शिवायचं नाही. मुलीचा बाप 'कॉफी घ्या, तुमचं मागणं मान्य आहे' असं म्हणाला की मगच पेला तोंडाला लावायचा. त्याआधी जो प्यायला त्यानं मागणं सोडून दिलं, असं धरतात. हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. खरं तर बायकांनी सगळं आधीच पक्कं केलेलं असतं आणि पुरुष फक्त कॉफी न पिण्याचं नाटक करायला जातात. ती गार व्हायच्या आत बाप मान्य म्हणतो, मिठाई येते आणि सगळे घरी जातात.

रविवारी चर्चनंतर सगळे अबू नख्लेंच्या दिवाणखान्यात भिंतीलगत बसले. गावचे पाद्री होते, चुलते होते, मधोमध घत्तासचा थोरला भाऊ मित्री आणि त्याच्या शेजारी आवळलेल्या कोटात घत्तास. बायका स्वयंपाकघराच्या दाराआड होत्या. कॉफी आली. मित्रीनं पेला समोर ठेवला, बाकीच्यांनीही ठेवले. मित्रीचा आवाज दणदणीत, त्यानं देवाचं नाव घेतलं, दोन्ही घराण्यांच्या आजोबांचं नाव घेतलं आणि म्हणाला, "अबू नख्ले, आमच्या रामेझसाठी तुमच्या लमीसचा हात मागायला आम्ही तुमच्या दारी आलोय. तुमचा होकार आल्याशिवाय ही कॉफी आमच्या घशाखाली उतरणार नाही."

अबू नख्लेंनी मान हलवली. "रामेझबद्दल माझी तक्रार नाही. मुलगा गुणी आहे." मग ते थांबले. इथे त्यांनी थांबायचं असं काही ठरलेलं नव्हतं, म्हणून मित्रीनं भुवया उचलल्या. "पण एक गोष्ट राहिलीय. माझ्या मुलीचा सासरा दर गुरुवारी त्या हॉटेलात त्यांच्या गळ्यात हात टाकून फोटो काढतो. माझे दोन सोबती अजून आत आहेत. उद्या ते विचारतील, अबू नख्ले, तू सोयरीक कुठे केलीस? मी काय सांगू? अबू रामेझनं इथे, सगळ्यांसमोर म्हणावं की ते मंडळ संपलं आणि ती मैत्रीही संपली. बस्स. मग कॉफी घ्या."

सगळ्या माना घत्तासकडे वळल्या. मित्रीनं कोपरानं ढोसलं, म्हणजे बोल आणि लवकर मिटव. स्वयंपाकघराच्या दाराच्या फटीत घत्तासला नुहाचा एक डोळा दिसला.

"केक चांगला असतो," घत्तास म्हणाला.

कुणी हसलं नाही. इतक्या वर्षांत हे पहिल्यांदाच घडत होतं.

त्यानं घसा साफ केला. "एका बाजूनं पाहिलं तर, अबू नख्ले, तुम्ही म्हणता ते रास्त आहे. तुम्ही जे भोगलंत ते आम्ही कुणी भोगलं नाही. तुमचे सोबती आत असताना आम्ही हॉटेलात बसावं, हे बघायला बरं दिसत नाही, हे मी स्वतः नेहमी म्हणतो. पण आता दुसऱ्या बाजूनं पाहिलं तर..." इथे तो दम घ्यायला थांबला. हात आपोआप पुढे गेला, पेला उचलला गेला, एका घोटात रिकामा झाला आणि परत जागेवर आला. मग त्यानं रुमालानं मिशा टिपल्या. "दुसऱ्या बाजूनं पाहिलं तर," तो पुढे बोलायला लागला आणि त्याचं लक्ष मित्रीच्या चेहऱ्याकडे गेलं.

मित्रीनं डोळे मिटले होते. पाद्री छताकडे पाहत होते. स्वयंपाकघरात काहीतरी पितळेचं खाली पडलं आणि बराच वेळ घरंगळत राहिलं.

अबू नख्ले वाकले आणि त्यांनी पेल्यात डोकावून पाहिलं.

"प्यायलात?"

"प्यायलो."

"मी काही दिलं होतं?"

"नाही."

"मग प्यायलात कशासाठी?"

घत्तासनं पेल्याच्या तळाशी राहिलेल्या गाळाकडे पाहिलं. खोटं सुचलं असतं तर त्यानं ते सांगितलं असतं. "सवय," तो म्हणाला. "तिथे आधी कॉफीच येते. इतकी वर्षं कुणी काही दिलं नाही आणि मी एक पेला सोडला नाही. हात आता विचारतसुद्धा नाही."

आधी कोपऱ्यातला एक चुलता फुसकन हसला. मग पाद्री. मग अबू नख्ले असे हसले की त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि घत्तासही हसला, कारण स्वतःवर हसायची वेळ आली की तो कधी मागे राहत नसे. "अबू रामेझ, तुम्ही धन्य आहात," अबू नख्ले डोळे पुसत म्हणाले. "चला, दुसरा पेला भरा यांचा. आणि एवढं एकच म्हणा, संपलं. मग घ्या."

पेला भरला गेला. सगळ्यांचे चेहरे सैल झाले होते, मित्रीनंही डोळे उघडले होते. एक शब्द म्हणायचा होता, तोही हसत हसत. पुढच्या गुरुवारी एल्हानानला हीच गोष्ट रंगवून सांगता आली असती आणि तोही पोट धरून हसला असता, कारण तोही असाच होता. घत्तासला हे सगळं ओळीनं दिसलं आणि त्याला एकदम स्वतःची शिसारी आली. शिडीखाली पाठीवर पडलेला तो धिप्पाड म्हातारा त्याच्या डोळ्यांसमोर आला. विव्हळताना 'पिशवी सांडली का बघ' असं तो म्हणाला होता.

त्यानं पेला हातानं थोडा दूर सरकवला.

"नाही म्हणणार," घत्तास म्हणाला. "एल्हानान माझा मित्र आहे. माझ्या झाडांच्या फाटकावर तो उन्हात उभा राहिला आणि माझ्या झाडावरून पडला. त्या दिवशी मी तुमच्यापैकी कुणाला बोलावलं नाही, कारण कुणी येईल असं मला वाटलं नाही. मंडळात आम्ही केक खातो आणि त्यातून काही निघत नाही, हे तुमचं खरं आहे. पण तो माझा मित्र नाही, असं मी म्हणणार नाही. मला तुमची मुलगी माझ्या घरी हवी आहे. ही कॉफी मी पीत नाही."

बोलणं संपलं होतं. घत्तासही क्षणभर वाट पाहत राहिला की आता दुसरी बाजू येईल. ती आली नाही. कुणी घोरत नव्हतं, सगळे त्याच्याकडेच पाहत होते, तेव्हा आपलं ऐकलं गेलंय हे त्याला समजलं. मुलाचं घर आपण वसण्याआधीच मोडलं, असं त्याला वाटलं.

स्वयंपाकघराचं दार उघडलं आणि लमीस उंबऱ्यात आली. मागणीच्या वेळी मुलीनं बाहेर यायचं नसतं.

"बाबा," ती म्हणाली, "कॉफी गार होतेय."

अबू नख्लेंनी मुलीकडे पाहिलं, मग घत्तासकडे. त्यांचा चेहरा काही मवाळ झाला नव्हता. "मला तुमचं पटलेलं नाही," ते म्हणाले. "पटणारही नाही. त्या माणसाचं नाव माझ्या घरात काढायचं नाही. पण आजवर तुमच्याशी भांडावं म्हटलं तरी तुम्ही हातात सापडत नव्हतात, साबणासारखे निसटून जात होतात. आज सापडलात. आता दर रविवारी जेवायला या, भांडू." त्यांनी हात पुढे केला. "कॉफी घ्या."

ती कॉफी थंडगार आणि कडूजहर होती. घत्तास ती शेवटच्या थेंबापर्यंत प्यायला. दारामागे नुहा मोठ्यानं रडली आणि लगेच कुणावर तरी मिठाईच्या ताटावरून खेकसली.

पुढच्या गुरुवारी एल्हानान खजुराची मोठी पेटी घेऊन आला. "व्याही झालास लेका," म्हणत त्यानं घत्तासला मिठी मारली आणि पाठ धरून खाली बसला. कॉफी आली. सगळ्यांनी पेले उचलले. घत्तासनं आपला उचलला, समोर ठेवला आणि हात मांडीवर घेतले.

"साखर कमी आहे का?" एल्हानाननं विचारलं.

"नाही. मला तुझ्याकडे काही मागायचंय. दिलंस तर पिईन."

टेबलाभोवती चुळबुळ झाली. मंडळाची नवी बाई गोड आवाजात म्हणाली, "आपण मागण्यांपेक्षा भावनांबद्दल बोलू या का?"

"बाई, माझ्या भावना इतकी वर्षं चांगल्या आहेत," घत्तास म्हणाला. "त्यांना काही झालेलं नाही."

एल्हानान हसला. मग घत्तास हसत नाही हे पाहून त्यानं काटा खाली ठेवला. "माग."

घत्तासला पुष्कळ काही मागता आलं असतं. फाटक, झाडं, भिंत. पण ते या माणसाच्या खिशात नव्हतं, हे त्याला ठाऊक होतं. "परवा शनिवारी," तो म्हणाला, "आजाऱ्यांत तुझं नाव घेतील तेव्हा उठून उभा राहा. सांग, माझ्यासाठी प्रार्थना करू नका. पाठ कुठे दुखावली ते सांग, आणि गुरुवारी कुठे जातोस तेही. हिब्रूत सांग. जावई बसलेला असताना."

एल्हानानचा चेहरा पांढरा पडला. "नातवंडं आहेत रे," तो हळूच म्हणाला.

"माहीत आहे."

"तुला माहीत नाही."

"रविवारी माझ्या मुलाचं घर पणाला लागलं होतं," घत्तास म्हणाला. "मला भीती वाटली. मी काही शूर झालो नाही, अजून पाय थरथरतायत, बघ." आणि त्यानं टेबलाखालचे गुडघे दाखवले.

एल्हानाननं ते खरोखरच वाकून पाहिले. त्याला हॉटेलची कॉफी फार आवडे, हे सगळ्यांना माहीत होतं. त्याचा हात पेल्याकडे गेला, पेल्याभोवती फिरला आणि रिकामाच परत आला. दोन भरलेले पेले टेबलावर तसेच राहिले आणि त्यांवरची वाफ हळूहळू विरली. कुणी केक कापला नाही.

मग वेटर आला. त्यानं पेल्यांकडे पाहिलं, या दोघांकडे पाहिलं आणि ओशाळून विचारलं, "साहेब, कॉफी बिघडलीय का? बदलून आणू?"

"नको," एल्हानान म्हणाला. "शनिवारपर्यंत राहू दे."